‘माझी माळ शेतात जाते’

वाचकाचे पत्र (संक्षिप्त) :

आदरणीय सर, मी अमरावती जिल्ह्यातील दर्यापूर तालुक्यात जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत चौथीच्या वर्गाला शिकवते. माझे माहेरही याच भागातले आहे. शिक्षण झाल्यावर काही महिने मी पुण्यात राहिले, तेव्हा खोलीतल्या मुली माझ्या तोंडून ‘काऊन’ (का) आणि ‘मले’ (मला) मुद्दाम पुन्हा पुन्हा वदवून घेत आणि हसत. ते दिवस विसरता येत नाहीत. त्यातच शाळा व्यवस्थापन समितीतील पालकांनी ‘पोट्ट्यांची भाषा सुधरवा, नाही तर कॉन्व्हेंटमध्ये टाकतो’ असे बजावले. म्हणून जूनपासून मी वर्गात एक पेटी ठेवली आहे. वऱ्हाडी शब्द तोंडून निघाला की तीत एक रुपया टाकायचा. पालक समाधानी आहेत. मात्र दिवाळीच्या सुट्टीनंतर ‘माझी आई’ या निबंधात एका मुलाने लिहिले, ‘माझी माळ शेतात कापूस वेचाळला जाते. तिच्या पाळाला काटा रुतला.’ मधल्या सुट्टीत आम्ही सर्व शिक्षक त्यावर खूप हसलो. त्या मुलाने ते ऐकले असावे. तेव्हापासून तो वर्गात बोलतच नाही, विचारले तर नुसती मान हलवतो. माझे चुकले का? चुकले असेल, तर माझ्यासारखे या मुलांचे कुठे हसे होऊ नये यासाठी मी काय करावे? माझे नाव छापू नये.

उत्तर :

ताई,

तुम्ही दोन प्रश्न विचारले आहेत. पहिल्याचे उत्तर एका शब्दात देता येते आणि ते ‘हो’ असे आहे. दुसऱ्याला वेळ लागेल. पण त्याआधी त्या मुलाची वही पुन्हा काढून समोर ठेवा, कारण तुमच्या वर्गात जूनपासून काय घडले आहे ते त्या दोन वाक्यांत जितके स्पष्ट दिसते तितके पालकांच्या समाधानात दिसत नाही.

‘माय’ची ‘माळ’ झाली, ‘पायाला’चे ‘पाळाला’ झाले, ‘वेचायला’चे ‘वेचाळला’ झाले. तीन वेगवेगळ्या शब्दांत त्याने एकच बदल केला आहे, आणि ज्या चुकीत इतका नेमकेपणा असतो ती निष्काळजीपणाने होत नाही. हा मुलगा घरी डोळ्याला डोया म्हणतो, शाळेला शाया, पोळ्याला पोया, डाळीला दाय म्हणतो. पाच महिने त्याला प्रत्येक वेळी सांगण्यात आले की हा य नव्हे, इथे ळ म्हण. शब्द बदलत गेले, दुरुस्ती तीच राहिली. त्यावरून त्याने स्वतःच्या बुद्धीने एक नियम काढला, की आपण य म्हणतो तिथे पुस्तकात ळ असतो. आणि चूक झाली तर रुपया जातो हे ठाऊक असल्यामुळे तो नियम त्याने सरसकट, आपल्या आईलासुद्धा, लावून टाकला. नियम कोणी शिकवला नव्हता. तो त्याने उदाहरणांवरून शोधला, आणि नऊ-दहा वर्षांच्या मुलाकडून यापेक्षा अधिक हुशारीची अपेक्षा मला तरी करता येत नाही. तो नियम अपुरा का आहे हे त्याला सांगणे हे आपले काम होते, आपण हसलो.

तो अपुरा का आहे, ते आधी आपल्याला नीट कळले पाहिजे, कारण पुढची सगळी शिकवण त्यावर उभी आहे. पुस्तकातले दोन वेगळे उच्चार, य आणि ळ, वऱ्हाडीत येऊन एकच झाले आहेत. पुस्तकाकडून घराकडे येताना वाट सोपी असते, कारण ळ दिसला की य म्हणायचे एवढेच करावे लागते. घराकडून पुस्तकाकडे जाताना मात्र त्या वाटेला दोन फाटे फुटतात. ‘पोया’ हा बैलांचा सण म्हणून ळ कडे जातो आणि ‘पाय’ तसाच राहतो. कोणता शब्द कुठे जाईल हे कानाला कळण्याचा काही उपाय नाही. ते डोळ्यांनी, शब्द लिहिलेला पाहूनच, एकेक करून लक्षात ठेवावे लागते. न आणि ण यांचीही तीच कथा आहे. पाणी, लोणी, कोण हे आपल्याकडे पानी, लोनी, कोन होतात, आणि ज्या मुलाला ‘ण म्हण, ण म्हण’ असे दटावले जाते तो एक दिवस ‘मण लावून अभ्यास केला’ असे लिहितो. तुमच्या वर्गात ते अजून झाले नसेल तर लवकरच होईल.

माझ्याही वर्गात ते झाले होते. मी तीस वर्षे मराठी शिकवले आणि त्यातली पहिली दहा-बारा वर्षे तुमच्या पेटीचे काम माझी लाल शाई करत असे. फरक एवढाच, की शाईला रुपया लागत नसे. एकदा बाहेरच्या जिल्ह्यातून आलेल्या एका अधिकाऱ्यांनी वर्गात भाज्यांचे चित्र दाखवून कोथिंबिरीवर बोट ठेवले आणि हे काय आहे असे विचारले. मुलांनी एका सुरात ‘सांबार’ असे उत्तर दिले. साहेब हसले आणि म्हणाले, सांबार इडलीबरोबर खातात. पहिल्या बाकावरच्या मुलीने गोंधळून माझ्याकडे पाहिले, कारण त्याच सकाळी तिने घरच्या वाफ्यातून सांबार खुडून आणला होता आणि तो इडलीबरोबर खातात हे तिला नवीन होते. मी साहेबांबरोबर हसलो. त्या मुलीची बाजू घ्यायला एक वाक्य पुरले असते, की आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. ते वाक्य माझ्या तोंडून निघाले नाही. म्हणून तुम्हाला उपदेश करण्याचा माझा अधिकार फार मोठा नाही, हे तुम्ही गृहीत धरूनच पुढचे वाचा.

मुळात ‘शुद्ध’ हा शब्द आपण वर्गातून काढून टाकावा, अशी माझी विनंती आहे. त्याची जोडी ‘अशुद्ध’शी लागते, आणि मुलाच्या दृष्टीने अशुद्ध काय, तर आई जे बोलते ते. पुस्तकाच्या भाषेला प्रमाण भाषा म्हणावे किंवा सरळ ‘पुस्तकाची भाषा’ म्हणावे. प्रमाण म्हणजे पवित्र नव्हे. दूरदूरच्या माणसांनी एकमेकांचे लिहिलेले वाचावे म्हणून ठरवलेले ते एक माप आहे, आणि ते पुण्या-मुंबईच्या बाजूला ठरले याला इतिहासाची कारणे आहेत. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश 1831 साली निघाला आणि दादोबा पांडुरंगांचे व्याकरण 1836 साली. त्या काळी आपला वऱ्हाड निजामाच्या राज्यात होता, 1853 नंतर तो इंग्रजांच्या कारभाराखाली आला, पुढे मध्यप्रांताशी जोडला जाऊन नागपूर ही त्याची राजधानी झाली, आणि पुण्याबरोबर एका राज्यात तो नांदू लागला तो थेट 1956 साली. माप ठरत असताना आपण त्या बाजारात हजर नव्हतो, एवढाच त्याचा अर्थ. वऱ्हाडीचा दर्जा त्यावरून ठरत नाही. पुस्तकातला ‘बटाटा’ पोर्तुगिजांबरोबर आला आणि आपल्या घरातला ‘आलू’ इथलाच आहे. तरी बटाटा शुद्ध आणि आलू गावंढळ, असे मानण्याची सवय आपल्याला लागली आहे.

तुमच्याच जिल्ह्यात, मोर्शी तालुक्यात, रिद्धपूर आहे. म्हाइंभटांचे लीळाचरित्र, म्हणजे महानुभाव पंथाच्या चक्रधर स्वामींचे चरित्र, तिथे तेराव्या शतकात सिद्ध झाले आणि मराठी गद्याचा पहिला ग्रंथ म्हणून त्याचा मान आहे. चक्रधर स्वामींचे अनुयायी संस्कृत जाणत होते, तरीही म्हाताऱ्या बायाबापड्यांना कळावे म्हणून त्यांनी लोकांच्या बोलीत लिहिण्याचा आग्रह धरला. मराठी भाषेचे विद्यापीठ आज रिद्धपूरला उभे आहे ते या कारणाने. हे मुलांना सांगताना अभिमानाची भाषणे करू नका. नकाशावर रिद्धपूर दाखवा आणि आपल्या गावापासून ते किती लांब आहे ते मोजायला लावा, एवढे पुरे आहे.

आता बोलीचे व्याकरण. वऱ्हाडीला ते नाही असा समज तुमच्या पालकांप्रमाणे अनेक शिक्षकांचाही असतो, म्हणून एकच उदाहरण देतो. तुमची आई तुम्हाला लहानपणी ‘अभ्यास कर’ असेही म्हणत असेल आणि ‘अभ्यास करजो’ असेही. ती दोन्ही कधी म्हणे ते आठवून पाहा. ‘कर’ म्हणजे आत्ता, माझ्यासमोर. ‘करजो’ म्हणजे नंतर, मी इथे नसताना, आणि त्यात हुकुमापेक्षा सांगणे जास्त असते. शेतात निघालेली बाई लेकराला ‘जेवून घेजो’ म्हणते. ताट समोर वाढलेले असताना ती तसे म्हणणार नाही. पुस्तकाच्या मराठीत त्यासाठी ‘नंतर जेवून घे’, ‘घेशील ना’ अशी वळणे घ्यावी लागतात. गुजराती माणूस निरोप देताना ‘आवजो’ म्हणतो, तो याच जातीचा प्रयोग आहे. हा बारीक भेद तुमच्या वर्गातले प्रत्येक मूल एकदाही न चुकता पाळते, आणि जूनपासून तो पाळल्याबद्दल रुपया भरते.

एवढे सगळे म्हटल्यावर ‘मग बोलू द्या मुलांना वाटेल तसे आणि लिहू द्या वाटेल तसे’ असा अर्थ काढू नका. शहरात बसून बोलीचे गोडवे गाणारे पुष्कळ असतात आणि त्यांची स्वतःची मुले उत्तम प्रमाण मराठी व त्याहून उत्तम इंग्रजी बोलत असतात. खारपाणपट्ट्यातल्या कोरडवाहू शेतकऱ्याच्या मुलाला तो चैनीचा सल्ला परवडणारा नाही. त्याला पोलीस भरतीचा पेपर लिहायचा आहे, तलाठ्याच्या परीक्षेला बसायचे आहे, बँकेत अर्ज द्यायचा आहे, आणि तिथे पुस्तकाची भाषा न येणे ही खरीच अडचण आहे. पालकांची भीती खोटी नाही. गाडगेबाबांनी आयुष्यभर कीर्तन केले ते वऱ्हाडीत, आणि त्या वऱ्हाडीत त्यांनी लोकांना जे पुन्हा पुन्हा बजावले त्यातली एक गोष्ट ही, की पोटाला चिमटा घ्या पण पोरांना शिकवा. बोली सोडल्याशिवाय शिकता येत नाही असे त्यांना वाटले नाही, आणि बोली आहे म्हणून शिकण्याची गरज नाही असेही वाटले नाही. येत्या 20 डिसेंबरला त्यांची पुण्यतिथी तुमच्या शाळेत होईलच. पालक त्या दिवशी जमले तर एवढे त्यांच्या कानावर घाला.

तेव्हा दुसऱ्या प्रश्नाकडे येतो. प्रमाण मराठी शिकवायची, आणि आज शिकवता त्यापेक्षा अधिक शिकवायची. दंडाने मुले ती शिकत नाहीत. गप्प बसले की रुपया वाचतो, हे मात्र शिकतात. तुम्हाला वर्गात जी शांतता वाटते आहे ती ही आहे.

बोलण्यात दुरुस्ती करू नका, उत्तर द्या. मूल म्हणाले, ‘मॅडम, मले पानी प्याले जाचं हाय,’ तर ‘मले नाही, मला’ असे अडवण्याऐवजी ‘तुला पाणी प्यायला जायचे आहे का? जा,’ असे म्हणा. त्याच्या वाक्याचे पुस्तकातले रूप त्याच्या कानावर पडले, त्याचे काम झाले आणि त्याचा पाणउताराही झाला नाही. दिवसातून वीस-तीस वेळा असे घडले की काही महिन्यांत त्याचा परिणाम दिसतो. सुरुवातीला तो दिसणार नाही, आणि पालक विचारतील. त्यांना धीर धरायला सांगा.

लिहिण्यात मात्र दुरुस्ती हवी, आणि ती मुलांकडूनच करवून घ्यावी. भिंतीवर एक मोठा कागद लावून त्याच्या एका बाजूला ‘घरी’ आणि दुसऱ्या बाजूला ‘पुस्तकात’ असे लिहा. पहिल्या आठवड्यात फक्त ‘मले, तुले, त्याले, मायले’ घ्या आणि समोर ‘मला, तुला, त्याला, आईला’ येऊ द्या. काय बदलले ते मुले पाच मिनिटांत सांगतील, कारण ले चा ला होतो हा नियम सरळ आहे. पुढे ‘पाऊस येऊन रायला’ आणि ‘पाऊस येत आहे’, ‘मी जाऊन रायलो’ आणि ‘मी जात आहे’, तेही सरळच. विहिरीची इहीर, विचाराचा इचार यांत त्यांना गंमत वाटेल, कारण सुरुवातीचा व कुठे जातो हे ते स्वतः हुडकतील. ळ आणि ण यांच्यासाठी मात्र घाई करू नका. त्यांच्या दोन-दोन याद्या करा. काळा, डोळा, शाळा, केळी, फळ, बाभळ हे घरी य आणि पुस्तकात ळ. माय, गाय, पाय, साय, सोय हे दोन्हीकडे य. दुसरी यादी पहिलीइतकीच महत्त्वाची आहे, आणि आपण शिक्षक नेमकी तीच कधी करत नाही. जे बदलत नाही ते सांगितल्याशिवाय, जे बदलते त्याची हद्द मुलाला कशी कळणार? ‘माझी माळ’ त्या न केलेल्या यादीमुळे झाली.

शब्दांच्या बाबतीत एवढ्या काटेकोरपणाची गरज नाही. पऱ्हाटी, धुरा, डवरणी, कोठा, बंडी, भेद्रं हे शब्द मुले निबंधात लिहितील तर लिहू द्या आणि ‘पुण्याच्या मुलाला हे कळावे म्हणून कंसात काय लिहाल?’ असे विचारा. कपाशी, बांध, गोठा, बैलगाडी, टोमॅटो त्यांना येतातच. डवरणीला, म्हणजे पिकाच्या ओळींमधून औत फिरवून तण काढण्याला, ‘कोळपणी’ हा शब्द आहे, पण तोही शहरातल्या मुलाला कळेलच असे नाही. मग ती कशी करतात हे दोन वाक्यांत लिहायला सांगा. दूरच्या वाचकाला आपली गोष्ट समजावून सांगण्याची गरज पडते तिथे प्रमाण भाषेचा उपयोग मुलाला स्वतःला पटतो. आणि निबंधात आई काही बोलली असेल तर अवतरणचिन्हांत ती जशी बोलली तसे लिहू द्या. महाराष्ट्रात लेखनाचे जे नियम मान्य आहेत ते लेखनाचे आहेत, बोलण्याचे नाहीत. पात्राच्या तोंडचे बोलणे उच्चाराप्रमाणे लिहिण्याची सोय त्यांतही आहे.

एक सूचना जाता जाता. तुमच्या मैत्रिणींपैकी कोणी मेळघाटात शिकवत असेल, तर हा सल्ला तिला जसाच्या तसा पाठवू नका. कोरकू ही मराठीची बोली नव्हे. ती निराळ्याच भाषाकुळातली आहे, आणि तिथल्या मुलासाठी वऱ्हाडीही परकीच असते. भंडारा-गडचिरोलीकडे झाडीबोलीची रूपे वेगळी आहेत, तिथला कागद तिथल्या मुलांनीच भरला पाहिजे.

पालकांपुढे तुम्हाला समितीच्या बैठकीत उभे राहावे लागेल, त्याचीही तयारी ठेवा. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याचे कलम 17 मुलांना शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास देण्याला मनाई करते आणि कलम 29 शक्य तितके मातृभाषेतून शिकवावे असे सांगते. हे तुम्हाला ठाऊक असावे म्हणून लिहितो. पालकांवर कायदा फेकू नका, पेटी ठेवणाऱ्या तुम्हीच होता. त्याऐवजी एखाद्या मुलाचे दोन उतारे वाचून दाखवा, एक जूनमधला आणि एक फेब्रुवारीतला, दोन्ही पुस्तकाच्या भाषेतले. ज्या बापाला मुलाच्या नोकरीची काळजी आहे त्याला कागदावर फरक दिसला पाहिजे. 27 फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन असतो, तेव्हा हे करायला निमित्तही मिळेल.

आता तुमच्याविषयी. पत्राच्या दुसऱ्या पानावर तुम्ही ‘सांगतलं’ असे लिहून ते खोडले आहे आणि वर ‘सांगितले’ लिहिले आहे. पत्र औपचारिक असल्यामुळे ती दुरुस्ती योग्यच होती. पण ती करताना तुमच्या पेनने कागद जवळजवळ फाडला आहे. पुण्याच्या त्या मुली तुमच्या ‘काऊन’वर हसल्या तेव्हा कोणी त्यांना थांबवायला हवे होते, आणि कोणी थांबवले नाही. त्याची भरपाई तुमच्या वर्गातल्या मुलांनी रुपया-रुपयाने करावी, असे तुम्हाला स्वतःलाही वाटत नसणार. वाटत असते तर पेटीवर समाधान मानून तुम्ही हे पत्र लिहिलेच नसते. परिपाठाच्या वेळी मुलांशी थोडे वऱ्हाडीत बोला. मुद्दाम, नाटकी, विनोदी कार्यक्रमातल्यासारखे बोलू नका. माहेरी बोलता तसे बोला. शिक्षिकेला दोन्ही भाषा येतात आणि एकीची तिला लाज वाटत नाही, हे मुलांना डोळ्यांनी पाहायला मिळाले तर भिंतीवरच्या त्या कागदाला अर्थ येईल.

पेटी सोमवारी वर्गासमोर उघडा. पैसे मोजून सगळ्यांना सारखे परत द्या. कोणाचे किती होते याचा हिशेब करू नका, कारण सर्वांत जास्त कोणी भरले हे पुन्हा उघड होईल. खडू किंवा वह्या आणण्यातही ते खर्च करू नका. ‘ही पेटी ठेवण्यात माझी चूक झाली’ असे एक वाक्य, वऱ्हाडीत किंवा प्रमाण मराठीत, जसे जमेल तसे म्हणा.

त्या मुलाशी मात्र वर्गासमोर बोलू नका. त्याच्या वहीत ‘माळ’, ‘पाळाला’, ‘वेचाळला’ या शब्दांवर काट मारण्याऐवजी बाजूला दोन रकाने आखा आणि एका रकान्यात काळा, डोळा, शाळा आणि दुसऱ्यात गाय, साय, सोय असे शब्द स्वतःच्या हाताने लिहून द्या. मग त्याच्याजवळ बसून म्हणा, ‘तू नियम बरोबर शोधला, थो अर्ध्या शब्दायले लागते. आता तुही माय कोन्त्या रकान्यात बसते, थे पाह्य.’ तो लिहील तेव्हा घाई करू नका, आणि तो बोलला नाही तरी त्या दिवशी चालेल.

— तुमचा सर